समीकरण घोकू नका, हिशेब जुळवा

मराठी शाळेत शिकून अकरावी विज्ञानाला जाणारी मुले-मुली आज आपल्या वस्त्यांमध्ये पुष्कळ आहेत. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा कला शाखेबरोबर विज्ञानही ठेवले होते. परंतु अकरावीत सगळा विषय एकदम इंग्रजीतून अंगावर येतो. पोर समीकरणे घोकते, चाचणीत नापास होते आणि घरी म्हणते, "मला सायन्स झेपत नाही." आईवडीलही नाइलाजाने शाखा बदलून देतात. बंधू-भगिनींनो, अशा वेळी पोराची अक्कल कमी नसते, त्याला समजावून सांगणारा मिळालेला नसतो. म्हणून या वेळी आम्ही नेहमी अडणारा एक भाग घेतो: सौम्य आम्ल आणि पाणी.

ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोन शास्त्रज्ञांनी १९२३ साली स्वतंत्रपणे एकच गोष्ट मांडली. आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा आणि आम्लारी म्हणजे प्रोटॉन घेणारा. (त्याच साली बाबासाहेबांना लंडनची डी. एस्सी. मिळाली.) प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, एच⁺. येथे आम्ल देते आणि पाणी घेते, एवढे ध्यानात ठेवा.

व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल घ्या. त्यात हायड्रोजन चार असतात. कार्बनला जोडलेले तीन जागचे हलत नाहीत, ऑक्सिजनला जोडलेला एकच जातो. आम्लाकडे ऋण भार उरतो, पाण्यावर धन भार येतो:

सीएच३सीओओएच + एच२ओ ⇌ सीएच३सीओओ⁻ + एच३ओ⁺

आता खतावणीसारखा ताळा करा. हायड्रोजन डावीकडे ४ आणि २ मिळून ६, उजवीकडे ३ आणि ३ मिळून ६. ऑक्सिजन दोन्हीकडे ३, कार्बन २. भार डावीकडे शून्य, उजवीकडे एक ऋण व एक धन, म्हणजे शून्यच. जुळले नाही तर चूक आहे, हे गुरुजींनी सांगण्याची वाट पाहू नये.

बाण दुहेरी का? कारण देवाणघेवाण उलटही चालू असते. ०.१ मोलर द्रावणात हजार रेणूंपैकी एका वेळी सुमारे १३ रेणूंनीच प्रोटॉन दिलेला असतो. म्हणूनच हे आम्ल सौम्य. हायड्रोक्लोरिक आम्ल जवळजवळ सगळेच प्रोटॉन देऊन टाकते, म्हणून तेथे एकेरी बाण.

आता मुंगीच्या दंशातले फॉर्मिक आम्ल, एचसीओओएच, मुलांनी स्वतः सोडवावे. वहीत नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरे लिहावीत. आईवडिलांना रसायनशास्त्र येत नसले तरी दोन्ही बाजूंची अक्षरे मोजून ताळा तपासता येईल. आणि बारावी झालेल्या दादा-ताईंनी रविवारी विहारात तासभर अकरावीच्या मुलांना घेऊन बसावे. 'शिका' हा आदेश शिकलेल्यांनाही शिकवायला लावणारा आहे.

जयभीम!