सुट्टी कोणाच्या स्मृतीची?

दिनदर्शिका हे इतिहासाचेच एक पुस्तक असते. उत्तर फिलिपाईन्समधील इलोकानो विद्यार्थ्याचे वर्ष पाहावे. ३० डिसेंबरला देशभर सुट्टी असते. १८९६ साली याच दिवशी स्पॅनिश सत्तेने होसे रिझाल यांना गोळ्या घातल्या. गावोगावची फिएस्ता मात्र संतांच्या नावाने भरते. ती प्रथा त्याच सत्तेच्या काळात रुजली. नोव्हेंबरच्या आरंभी मृत आप्तांसाठी अन्न ठेवण्याच्या ‘आतांग’ या चालीची मुळे त्याहून जुनी आहेत. जेते, जित आणि पूर्वज असे एकाच पानावर नांदतात.

म्हणूनच सणाचा अर्थ शाळेने शिकवला पाहिजे. १८०७ मध्ये ‘बासी’ या उसाच्या मद्यावरील सरकारी मक्तेदारीविरुद्ध इलोकानो जनता उठली आणि चिरडली गेली. १८२१ साली एस्तेबान व्हिलानुएव्हा यांनी तो उठाव १४ चित्रांत रंगवला. सामान्यांच्या बंडाची ही कथा ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याला उत्सवातून केवळ नाच आणि खाऊ मिळतो. हा दिवस कोणी दिला आणि यात कोणाचे नाव गाळले, असे विचारू लागलेला विद्यार्थीच आपल्या इतिहासाचा वारस होतो.