विश्लेषण : लिनक्स टाकल्यावर लॅपटॉपची बटणे का रुसतात?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना लॅपटॉप भंगारात काढण्याऐवजी त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकणे हा शहाणपणाचा पर्याय आहे. पण तो टाकला की कधी ब्राइटनेसचे बटण चालत नाही, कधी वाय-फाय सुरूच होत नाही. मग दुकानदार कीबोर्ड बदलायला सांगतो. हा खर्च करण्याआधी दहा मिनिटांची तपासणी हवीच.

बटण दाबल्यावर काय घडते?

साधी अक्षरे थेट कीबोर्डमार्फत जातात. ब्राइटनेस, वाय-फाय यांसारख्या खास बटणांचा संदेश मात्र अनेकदा लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून कर्नेलकडे आणि तिथून डेस्कटॉपकडे जातो. विंडोजसाठी कंपनी स्वतःचे ड्रायव्हर देते. लिनक्समध्ये ‘थिंकपॅड-एसीपीआय’, ‘आसूस-डब्ल्यूएमआय’ असे ड्रायव्हर हे काम करतात. या साखळीतली एक कडी निसटली, तरी बटण मेल्यासारखे वाटते.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे?

आधी ‘एफएन’ लॉक पाहावे. अनेक लॅपटॉपवर ते ‘एफएन’ आणि ‘एस्केप’ एकत्र दाबून बदलते. मग टर्मिनलमध्ये ‘ईव्हीटेस्ट’ चालवून बटण दाबावे. इथे यादीतून योग्य उपकरण निवडणे महत्त्वाचे. ब्राइटनेसची बटणे कीबोर्डऐवजी ‘व्हिडीओ बस’ किंवा ‘डब्ल्यूएमआय हॉटकीज’ या नावाखाली सापडू शकतात. पडद्यावर नोंद उमटली, तर बटण शाबूत आहे आणि दुरुस्ती सेटिंगमध्ये आहे. हात न लावताही नोंदी धडाधड येत असतील, तर बटण अडकल्याची किंवा आत ओल गेल्याची शक्यता जास्त. नोंदच नसेल, तर ‘डीमेसेज’मध्ये अनोळखी बटणाची सूचना आहे का, ते पाहावे. असल्यास संदेश पोहोचतो आहे, फक्त त्याची ओळख पटत नाही.

वाय-फाय आणि पॉवर बटणाचे काय?

‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दोन प्रकारचे अडथळे दाखवते. ‘सॉफ्ट’ अडथळा आज्ञेने निघतो. ‘हार्ड’ अडथळा मात्र लॅपटॉपवरील स्विच किंवा फर्मवेअर घालते, तो आज्ञेने हटत नाही. पॉवर बटणाला चुकून धक्का लागून लॅपटॉप बंद होत असेल, तर ‘लॉगिनडी’च्या सेटिंगमध्ये ‘हँडल पॉवर की’ला ‘इग्नोर’ करता येते. बटण दाबून धरल्यावर होणारे बंद मात्र त्याने थांबत नाही.

जबाबदारी कोणाची?

खापर लिनक्सवर फोडणे सोपे आहे; पण बटणांची माहिती कंपनीने खुली केली नाही, तर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना अंदाजाने चाचपडावे लागते. ही माहिती देणे म्हणजे ग्राहकावर उपकार नव्हे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचाच तो भाग आहे. लिनक्सवाल्यांनीही सारा भार टर्मिनलवर टाकू नये. ‘बटण दाबा आणि पाहा’ अशी सोपी चाचणी सेटिंगमध्येच हवी.

तोवर एक नियम पाळावा : दुसऱ्या सिस्टीमवर, म्हणजे पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या वेगळ्या लिनक्सवर किंवा विंडोजवर, तेच बटण तपासल्याशिवाय कीबोर्ड बदलायला होकार देऊ नये. तिथे ते चालले, तर नव्या कीबोर्डचे पैसे वाचलेच म्हणून समजा.