जुन्या कॉम्प्युटरला नवा एसएमपीएस

चिपळूणहून एका भगिनीने विचारले आहे : “२०१४ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर घरी आहे. त्यावर मी लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. मुलगा आता आर्किटेक्चरला आहे, त्याला ग्राफिक्स कार्ड हवे आहे. दुकानदार म्हणतो, कार्ड बसेल, पण एसएमपीएस बदलावा लागेल. साडेचारशे वॅटचा स्वस्तातला लावून देतो. मुलगा म्हणतो, साडेसातशेचाच घ्या. कोणाचे ऐकावे?”

दोघांचेही अर्धेच खरे आहे. एसएमपीएस बदलायला हवा, हे दुकानदाराचे बरोबर. स्वस्तातला घेऊ नये, ही मुलाची भीतीही बरोबर. पण ‘साडेचारशे’ आणि ‘साडेसातशे’ हे डब्यावरचे आकडे बाजूला ठेवून आधी घरचा हिशेब मांडू.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो पत्र्याचा डबा, ज्याला मागून वीजेची वायर लागते. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज आतल्या भागांना देतो. तो वाईट रीतीने जळाला तर एकटा जात नाही; मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही सोबत नेऊ शकतो. आपल्या पत्रिका आणि प्रश्नपत्रिका त्याच डिस्कवर आहेत, म्हणून हा निर्णय शेपाचशे रुपये वाचवण्याचा नाही.

आता बेरीज. त्या काळातला आय-फाइव्ह प्रोसेसर ८४ वॅटचा धरू. मदरबोर्ड, रॅम आणि पंखे मिळून ४०. हार्ड डिस्क आणि एसएसडीचे १५. ज्या कार्डाला वेगळी केबल लावावी लागत नाही, ते मदरबोर्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट घेते. एकूण २१४ वॅट. डिस्क सुरू होताना लागणारा झटका, उन्हाळा आणि डब्याचे वय यांसाठी निम्म्याने वाढवा, ३२० झाले. म्हणजे प्रामाणिक ४०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस आपल्याला पुरून उरतो. पुढे मोठे कार्ड घ्यायचे असेल तर वेगळा हिशेब : सहा पिनची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ पिनची १५०.

इथे ‘प्रामाणिक’ हा शब्द महत्त्वाचा. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘४५०’ छापलेले असते. खरी गोष्ट बाजूच्या तक्त्यात बारीक अक्षरांत असते. त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि १२ ने गुणा. तिथे १४ अँपिअर असेल तर १६८ वॅटच झाले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात आणि त्या दोघांचीच बेरीज १५९ होते. पंखे आणि डिस्कची मोटर अजून धरलीच नाही. असा ‘साडेचारशे’ आपल्या घरी कमी पडेल. चांगल्या ४५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टला ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक लिहिलेले दिसते. दुकानात फोनचा कॅल्क्युलेटर काढून हा गुणाकार करायला लाजू नका.

दुसरी खूण ‘८० प्लस’ची. तिच्या मूळ पातळीचा अर्थ असा की २०, ५० आणि १०० टक्के भारावर हा डबा घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के पुढे पोहोचवतो; उरलेली उष्णतेत जाते. आपला कॉम्प्युटर सरासरी १०० वॅटवर रोज सहा तास चालतो असे धरा. ६५ टक्के कार्यक्षमतेच्या डब्याऐवजी ८० टक्क्यांचा लावला तर महिन्याला सुमारे पाच युनिट वाचतात. आणि मुलासाठी सांगतो : ७५० वॅटचा घेतला म्हणून बिल वाढणार नाही, कारण कॉम्प्युटर लागेल तेवढीच वीज ओढतो. पण न लागणाऱ्या ताकदीवर पैसे घालण्यापेक्षा त्याच पैशांत चांगल्या दर्जाचा ४५० आणि फायली ठेवायला एक बाहेरची डिस्क घ्यावी.

खरेदीआधी कॅबिनेट उघडून प्लग पाहा. २०१४ च्या मदरबोर्डाला सहसा २४ पिनचा मोठा प्लग आणि प्रोसेसरसाठी चार किंवा आठ पिनचा छोटा प्लग लागतो. डिस्कसाठी साटाचे प्लग पुरेसे हवेत. कमी पडले म्हणून जुन्या चार पिनच्या प्लगला स्वस्त जोडवायर लावू नका. अशा वायरी वितळल्याची उदाहरणे आहेत. डब्यापासून सुट्या होणाऱ्या केबल असतील तर जुन्या डब्याच्या केबल नव्याला लावू नका. प्लग बसला तरी आतली वायरिंग वेगळी असू शकते आणि डिस्क क्षणात जळते.

ज्यांच्याकडे ऑफिसमधून आलेले सेकंडहँड डेल, एचपी किंवा लेनोवोचे मशीन आहे, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. त्यांतल्या बऱ्याच मशिनांत प्लग आणि डब्याचा आकार कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. मॉडेल नंबर घेऊनच दुकानात जा. खूप जुन्या डब्याच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल बटण असेल, तर ते २३० वर आहे याची खात्री करा.

शेवटी भिंतीकडे पाहा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. नवा एसएमपीएस ही उणीव भरून काढत नाही, वायरमनला बोलवा. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. तो हा भार पेलेल, पण थोडीच मिनिटे. तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन बंद करावे. जुना डबा कुतूहलाने उघडू नका, वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देऊ शकतात.

तर भगिनी, क्रम असा ठेवा : आधी सगळ्या फायलींची दुसरी प्रत, मग अर्थिंगची तपासणी, मग १२ व्होल्टचा गुणाकार जमणारा आणि काही वर्षांची लेखी वॉरंटी असलेला ४५० वॅटचा एसएमपीएस, आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्स कार्ड. मुलाला सोबत न्या. तक्ता त्यालाच वाचायला लावा.