पाण्यावर चालणाऱ्या जीपचे मोल

जुन्या यंत्राचे मूल्यांकन करताना व्यापाऱ्यापुढे साधारणतः तीन आकडे असतात: खरेदीचा, आजच्या बाजाराचा आणि मोडीचा. बँकेत तारण तपासतानाही आम्ही हेच तीन आकडे कागदावर मांडत असू. वर्षागणिक घसारा वजा होत जातो आणि अखेरीस वहीत मोडीची किंमत तेवढी उरते. काही मोजक्या वस्तूंच्या बाबतीत मात्र हा उतार एका टप्प्यावर थांबतो आणि किंमत पुन्हा वर चढू लागते. हा टप्पा ओळखता न आल्यामुळे अनेक मौल्यवान वस्तू वजनाच्या भावाने गेल्या आहेत. आणि तो ओळखूनही दुरुस्तीच्या उत्साहात त्यांचे मोल घालवणारे लोकही कमी नाहीत. या दोन्ही गोष्टी समजून घेण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील एका विलक्षण वाहनाचे उदाहरण घेऊ.

त्याचे नाव फोर्ड जीपीए. जमिनीवर चारही चाकांच्या जोरावर चिखल-खडकातून जाणारी आणि नदी आली की होडी होऊन तरंगणारी ही जीप. अमेरिकन सैन्यासाठी फोर्ड कंपनीने १९४२ आणि १९४३ या दोन वर्षांत अशी बारा हजार सातशेहून अधिक वाहने तयार केली. शर्यतीच्या शिडाच्या नौकांसाठी नावाजलेल्या न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीफन्स या संस्थेने तिचा नौकेसारखा सांगाडा आखला. आत नेहमीच्या जीपचेच चार सिलिंडरचे, साठ अश्वशक्तीचे इंजिन, मागे प्रोपेलर आणि सुकाणू, पुढे लाटा अडविणारी घडीची फळी आणि दोर ओढण्याचे फिरते बोंड, अशी तिची रचना. पाण्यात तिचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या आसपास असे.

कल्पना चांगली होती, परंतु व्यवहारात ती उणी ठरली. वजन अपेक्षेपेक्षा वाढले आणि पाण्यावर राहणारा काठ फारच थोडा उरला. शांत नदीत चालणारी ही जीप समुद्राच्या लाटांत धोक्याची ठरली, आणि जमिनीवर ती साध्या जीपपेक्षा जड व अवजड वाटे. त्यामुळे १९४३ मध्येच तिचे उत्पादन थांबले. बरीच वाहने युद्धसाहाय्य म्हणून सोव्हिएत रशियाला गेली. नद्यांच्या त्या प्रदेशात ती इतकी उपयोगी पडली की पुढे रशियाने त्याच धर्तीवर आपले वाहन बनविले. उत्पादनाच्या दृष्टीने जी वस्तू अपयशी, तीच आज संग्राहकांना हवीशी वाटते. दुर्मिळतेचा उगम पुष्कळदा अशा अपयशातच असतो, कारण जे यशस्वी होते ते लाखांनी निघते.

आता मूल्यांकनाकडे वळू. येथे पहिला प्रश्न असा, की दुर्मिळ नेमके काय आहे? साध्या युद्धकालीन जीप सहा लाखांहून अधिक बनल्या. जीपीएचे इंजिन आणि चालक यंत्रणेचा बराच भाग त्यांच्याशी जुळतो. म्हणून बंद पडलेले इंजिन पाहून भाव पाडणारा ग्राहक आणि सुरू इंजिन ऐकून भाव वाढविणारा विक्रेता, दोघेही चुकीच्या जागी पाहतात. इंजिनाचे भाग शोधता येतात. पण नौकेसारखा सांगाडा, प्रोपेलरची जोडणी, सुकाणू, पाणी उपसण्याचा पंप आणि पुढची फळी ही केवळ याच वाहनाची. पारख करायची ती येथे. तळाचा पत्रा पातळ असतो आणि त्याला बळकटी देणाऱ्या पट्ट्यांमागे पाणी साचून गंज आतून खात जातो. वर नवा रंग आणि खाली पुट्टी असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. अशा वेळी चुंबक फिरवावा. पुट्टीच्या जाड थरावर तो धरत नाही.

दुसरा प्रश्न ओळखीचा. इंजिनावरचा क्रमांक, सांगाड्यावरचा क्रमांक आणि चालकासमोरची माहितीची पट्टी यांचा मेळ बसतो का? फोर्ड कंपनी आपल्या अनेक सुट्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर ठोकत असे, ही जाणकारांसाठी मोठी खूण आहे. परंतु युद्धकालीन जीपच्या माहितीच्या पट्ट्या आज हुबेहूब नव्या बनवून मिळतात, म्हणून केवळ पट्टीवर विसंबणे म्हणजे नुसत्या शिक्क्यावर दस्त स्वीकारण्यासारखे आहे. जुनी छायाचित्रे, विक्रीच्या पावत्या आणि नोंदणीची कागदपत्रे यांची साखळी जितकी अखंड, तितका भाव पक्का.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित: हे वाहन कोणत्या इतिहासाचा पुरावा आहे? बेन कार्लिन या ऑस्ट्रेलियन अभियंत्याची कथा येथे उपयोगी पडते. युद्धकाळात तो ब्रिटिश हिंदी सैन्यात होता. बंगालमधील कलाईकुंडा येथील विमानतळावर त्याने एक जीपीए पाहिली आणि अशा गाडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल, हा विचार त्याच्या मनात घर करून बसला. पुढे अमेरिकेत लिलावात त्याने ९०१ डॉलरला एक जीपीए घेतली, तिच्यावर बंद केबिन चढविली, इंधनाच्या जादा टाक्या बसविल्या आणि तिला ‘हाफ-सेफ’ असे नाव दिले. काही फसलेल्या प्रयत्नांनंतर १९५० च्या जुलैमध्ये हॅलिफॅक्सहून निघून पत्नी एलिनॉरसह त्याने अटलांटिक महासागर ओलांडला. कलकत्त्यावरून पुढे जात, मजल-दरमजल करीत, १९५८ च्या मे महिन्यात त्याने माँट्रियल येथे प्रदक्षिणा पूर्ण केली. हे वाहन आज पर्थच्या गिल्डफर्ड ग्रामर स्कूलमध्ये जतन केलेले आहे.

आता विचार करा. कारखान्यातून निघाली तशीच जीपीए असेल, तर नंतर चढविलेले भाग काढून तिला मूळ रूपात आणणे योग्य ठरेल. तोच नियम ‘हाफ-सेफ’ला लावून कोणी तिची केबिन उतरविली आणि सैनिकी हिरवा रंग दिला, तर जगात एकच असलेली वस्तू नष्ट होईल आणि बारा हजारांतील एक तेवढी हाती उरेल. कोणता बदल दोष आणि कोणता बदल दस्तऐवज, हे ठरविल्याशिवाय पहिला बोल्टही सैल करू नये.

यानंतर येतो हिशेब. समजा, उत्तम स्थितीतील अशा वाहनाला बाजारात १०० रुपये मिळतात. पत्र्याचे काम, इंजिन, सुटे भाग आणि मजुरी यांचा अंदाज ५५ रुपये आला. जुन्या वाहनात झाकलेले दोष उघडल्यावरच दिसतात, म्हणून अंदाजाच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे १४ रुपये, जादा तरतूद ठेवावी. काम तीन वर्षे चालले तर अडकलेल्या रकमेचे व्याज साधारण १५ रुपये धरावे. बेरीज झाली ८४. म्हणजे मोडक्या वाहनाला १६ रुपयांहून अधिक देणारा ग्राहक नफ्यासाठी नव्हे, तर हौसेसाठी खरेदी करीत आहे. हौस करू नये असे मी म्हणत नाही; ती हौसेच्या खात्यात लिहावी, गुंतवणुकीच्या खात्यात नव्हे. विकणाऱ्यानेही हाच हिशेब उलट्या बाजूने वाचावा. पुष्कळदा अर्धवट दुरुस्तीपेक्षा, सर्व भाग आणि कागद एकत्र ठेवलेले, हात न लावलेले वाहन अधिक फायद्याने जाते.

प्रत्यक्ष दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि निघालेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा; खराब झालेला मूळ भागही नमुना म्हणून जपावा. गंज काढण्यासाठी जोराचा वाळूचा मारा केल्यास पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून अनुभवी कारागिराविना तो करू नये. सांगाडा आधी, इंजिन नंतर, रंग सर्वांत शेवटी. पत्र्यातून जेथे जेथे फिरता दांडा बाहेर येतो तेथील सील नवे असावेत, तळाची बुचे घट्ट आणि पंप चालू असावा. पहिली चाचणी उथळ, संथ पाण्यात, दोर बांधून आणि माणसांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे असतानाच करावी. ज्या वाहनाचा काठ मुळातच थोडा, तेथे बारीक गळतीही जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीचे शुल्क ५ हजार आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. वाहन मूळ स्वरूपात असावे, मोठे फेरबदल झालेले नसावेत आणि त्याचा व्यापारी किंवा रोजचा वापर करू नये, अशा त्यातील अटी आहेत. म्हणजे अतिउत्साही दुरुस्तीने बाजारभावाबरोबर ही नोंदणीही धोक्यात येऊ शकते. शिवाय रस्त्याची नोंदणी ही पाण्यात उतरण्याची परवानगी नव्हे, हेही ध्यानात असावे.

असे जलचर वाहन प्रत्येकाच्या गोदामात नसेल. परंतु आजोबांची मोटार, जुने छापयंत्र, पेढीवरची लोखंडी तिजोरी किंवा पितळी काटा पुष्कळ घरांत आहे. भावांमध्ये वाटणी होते तेव्हा अशा वस्तूची किंमत कोणीतरी घाईने ‘भंगार’ म्हणून लिहितो आणि वर्षांनंतर तीच वस्तू मनात अढी निर्माण करते. म्हणून वाटणीपूर्वी त्रयस्थ जाणकाराकडून लेखी मूल्यांकन करून घ्यावे. पावत्या, छायाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली त्या वस्तूची हकीकत एका फाइलीत तारखेसह नोंदवून ठेवावी. वडीलधारी मंडळी आहेत तोवरच ही फाइल तयार होऊ शकते. नंतर कितीही पैसे मोजले तरी ती विकत मिळत नाही.