बांडगूळ नव्हे, ऑर्किड!

मागच्या गॅदरिंगला आपल्या स्टेजवर जांभळी-पांढरी फुलं लावली होती, आठवतं? ती ऑर्किडची. डेकोरेशनवाल्यांकडची अशी बरीचशी फुलं थायलंडहून विमानाने येतात. तेव्हा सगळ्यांनी "वॉव" केलं, मीही केलं. त्याच आठवड्यात मेसमागच्या आंब्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "ते पण ऑर्किडच आहे," तर आमचा अख्खा ग्रुप हसला. "ए, ते बांडगूळ आहे!"

हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः कॉन्व्हेंटची. जनरल नॉलेजच्या पुस्तकात प्रश्न होता, सिंगापूरचे राष्ट्रीय फूल कोणते? उत्तर: व्हँडा मिस जोकिम. घोकून पाठ केलं होतं. पण मंगरूळपीरकडच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर आंब्याला जी जाड, पट्ट्यासारख्या पानांची झुडपं चिकटलेली होती, ती व्हँडाच, हे कळायला मला अकरावी उजाडली. आजी मात्र लहानपणापासून सांगायची, "रासना हाय ते. झाडाले काई करत नाई." ती वऱ्हाडीत सांगत होती आणि मी इंग्रजीत पाठ करत होते. दोघींची गाठ पडायला इतकी वर्षं गेली!

गंमत म्हणजे 'व्हँडा' हा शब्द मूळचा आपलाच, संस्कृत 'वंदा'वरून घेतलेला. त्यातही मिस जोकिमला शास्त्रज्ञांनी आता व्हँडातून काढून दुसऱ्या प्रजातीत टाकलंय. आमची रास्ना मात्र अजून व्हँडाच आहे, व्हँडा टेसेलाटा. (आयुर्वेदात रास्ना या नावाने आणखीही काही वनस्पती वापरतात, त्यामुळे पान बघून काढा करायला जाऊ नका.) तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या ऑर्किडवर फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी १९६६ साली आख्खं पुस्तक लिहिलं. सांतापाव हे स्पेनहून आलेले, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवणारे जेझुइट पाद्री. स्पेनच्या माणसाला आपली फुलं कळली, आणि आपण हसतोय.

आता बांडगुळाचं. बांडगूळ झाडाच्या फांदीत आपली मुळं घुसवतं आणि रस ओढतं. रास्ना फक्त सालीला धरून बसते. तिची मुळं हवेत लोंबतात आणि त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस, दव जे मिळेल ते त्यात शोषलं जातं. कोरडं मूळ पांढुरकं दिसतं, ओलं झालं की हिरवं. शिवाय ही मंडळी पानांवरची छिद्रं दिवसा बंद ठेवतात आणि रात्री उघडतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. वाशिमच्या मे महिन्यात टिकायचं तर अशी अक्कल हवीच.

पुण्या-मुंबईच्या नर्सरीतली फॅलेनॉप्सिस अशी नसते. दिसायला देखणी, टिश्यू कल्चरने तयार होणारी, पण तिचं माहेर आग्नेय आशियातल्या दमट जंगलात. आमच्या रूममेटने साडेचारशे रुपयांची आणली, रोज मिनरल वॉटर पाजलं. एप्रिलअखेर पानं काळी, मेमध्ये कुंडी रिकामी. यंदा ती परत आणणार म्हणतेय. माझं स्पष्ट मत आहे, विदर्भात कूलरच्या जोरावर फॅलेनॉप्सिस जगवण्याचा हट्ट म्हणजे पैसे जाळणं.

पण छंदाची दुसरी बाजू याहून वाईट, आणि ती मी स्वतः केली आहे. बारावीत मी शेतातल्या जिवंत झाडावरून रास्ना ओढून काढली. मुळं सालीसकट तुटली. मग ती कुंडीत काळ्या मातीत लावली, वर शेणखत! तीन आठवड्यांत सडली. ते झाड किती वर्षांचं होतं मला माहीत नाही. ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया असू शकतात, पण त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि त्यांच्यात शिदोरीच नसते. योग्य बुरशी भेटली तरच रुजतात, आणि फुलावर यायला पुढे कित्येक वर्षं. मी ते ३ आठवड्यांत संपवलं. आजी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून जंगलातून किंवा उभ्या झाडावरून काढून आणणं माझ्या हिशेबाने बंद. कारंजा-सोहोळसारख्या अभयारण्यातून असं काही उचलणं तर कायद्यानेच गुन्हा आहे.

मग घरी ठेवायचीच नाही का? ठेवायची. पण पडलेल्या झाडावरची. माझी आत्ताची रास्ना वादळात मोडलेल्या फांदीवरची आहे. बाभळीच्या खडबडीत तुकड्यावर सुताच्या दोरीने बांधली, मुळांशी कवेलूचे तुकडे, कोळसा आणि नारळाचा काथ्या. माती अजिबात नाही. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी हिरवी जाळी. उन्हाळ्यात रोज पाणी, थंडीत कमी. बोअरच्या पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो, म्हणून जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं. पहिलं वर्ष ती नुसती बसून राहिली. दुसऱ्या वर्षी उन्हाळा संपता संपता दांडा आला. पिवळट-तपकिरी पाकळ्या, त्यांवर जाळीची नक्षी, मधली पाकळी जांभळट. वास तर असा की आजीने देवघराची खिडकी उघडी ठेवायला सांगितली.

१९व्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं, तेव्हा कोलंबियात ऑर्किडसाठी हजारो झाडं तोडली गेली. आपल्याकडे उलटं. झाड रस्त्यासाठी तुटतं आणि ऑर्किड त्याच्यासोबत आरा मशीनवर जातं. मी सिव्हिलची, उद्या हे रस्ते माझ्याच वर्गातले करणार आहेत. रस्ता नकोच, असं मी म्हणत नाही. पण तोडायच्या झाडांची यादी होते, बुंध्याचा घेर मोजतात, नंबर टाकतात. फांदीवर काय आहे हा रकाना त्यात जोडायला किती खर्च येईल?

मेसमागच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी ७ झाडांवर लाल नंबर पडले आहेत. मी दुर्बिणीने पाहिलं, २ नंबरच्या आणि ५ नंबरच्या आंब्यावर मिळून ११ रास्ना आहेत. परीक्षेनंतर तोड सुरू होईल म्हणतात. रेक्टर सर, फांद्या खाली आल्या की ट्रॅक्टर भरण्याआधी आम्हाला फक्त एक सकाळ द्या. काढलेल्या रास्ना लायब्ररीसमोरच्या कडुनिंबांवर बांधू, दोरी मी आणते. रासेयोच्या मुलांनी हो म्हटलंय. शिडी मेसच्या स्टोअरमध्ये आहे, किल्ली आपल्याकडे.

(तृतीय वर्ष, सिव्हिल)