कृपा, नियमशास्त्र आणि कोयता

कृपेने तारण मिळालेल्या ख्रिस्ती माणसाने मोशेचे नियमशास्त्र पाळावे का, हा वाद चर्चइतकाच जुना आहे. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेची सक्ती नको, असा निर्णय इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या सभेने दिला. तरी मतभेद उरलेच. पुण्यात स्पायसरसारखी मोठी शिक्षणसंस्था चालवणारे सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट आजही शनिवारी शब्बाथ पाळतात, डुकराचे मांस खात नाहीत. बाकीच्या बहुतेक मंडळ्या रविवारी उपासनेला जमतात.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न पंगतीच्या रूपाने आला. पंगतीचा हा पेच बायबलमध्येही आहे: अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र यरुशलेमची माणसे येताच मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर खडसावले. नगरला अशीच परीक्षा लक्ष्मीबाई टिळकांचीही झाली. त्यांच्या पतीने, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर नगरला येऊनही लक्ष्मीबाईंनी सोवळेओवळे सोडले नव्हते. जातिभेद देवाने केलेला नाही, अशी खात्री पटल्यावरच त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. ताटापाशी माणूस वेगळा काढणारा कोणताही नियम, मग तो मोशेच्या नावाने आलेला असो की जातीच्या, कृपेपुढे टिकू नये. इथे तडजोड नको.

पण म्हणून सगळे नियमशास्त्र मोडीत काढायचे का?

उत्तरासाठी नगर जिल्ह्यातल्याच पाथर्डीकडे पाहावे. हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फेडत राहायची, आणि नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर. उसाची गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आता मोशेच्या नियमशास्त्रातले ‘अनुवाद’ हे पुस्तक उघडून पाहावे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा चोविसाव्या अध्यायात आहे. पाचव्या अध्यायातला शब्बाथ तर धन्याइतकाच दास-दासींच्या आणि बैलांच्याही विसाव्यासाठी आहे. लेवीय पुस्तकात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी उभे ठेवायला सांगितले आहे.

या आज्ञांमागची कष्टकऱ्यांची काळजी कृपेने रद्द केली, असे नव्या करारात कुठेही नाही. उलट याकोबाच्या पत्रात, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असा धनवानांना थेट इशारा आहे.

सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम तारणाची अट होऊ शकत नाहीत. मजुरी आणि विसाव्याच्या आज्ञा मात्र, कृपा मिळाली म्हणूनच, अधिक मनापासून पाळायला हव्यात. शनिवार की रविवार यावर मंडळ्यांनी जरूर चर्चा करावी. पण येत्या हंगामाआधी कोणत्या घरावर किती उचल आहे आणि मागे राहणाऱ्या मुलांची शाळा कोण सांभाळणार, याची विचारपूस त्यांनी आधी करावी.