ग्रीन कार्डाचे कौतुक आणि विवाहाची तारीख

मावळात, विशेषतः लोणावळा-तळेगाव पट्ट्यात, परदेशस्थ जावयाचे अप्रूप आता उरलेले नाही. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतून अमेरिकेस गेलेला मुलगा सुटीवर येतो, पंधरवड्यात साखरपुडा व लग्न उरकून परत जातो. अशा बोलणीत ‘मुलाला ग्रीन कार्ड आहे’ हे वाक्य निर्णायक ठरते. वधूपित्यास त्यात स्थैर्याची हमी दिसते. नवविवाहितेच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा मात्र नेमका उलटा आहे.

तात्पुरत्या एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या पत्नीस एच-४ व्हिसा मिळू शकतो. त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीसही ती नाही. अडकते ती या दोहोंच्या मधली, ग्रीन कार्डधारकाची पत्नी. तिच्या एफ-२ए वर्गास वार्षिक मर्यादा असल्याने रांग लागते. २०१९ ते २०२३ या काळात ही रांग जवळजवळ नाहीशी झाली होती. एप्रिल २०२३ मध्ये ती पुन्हा लागली. मुलाखत व्हायची ती मुंबईच्या वकिलातीत, म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरला की आलेच. पण बोलावणे कधी येईल हे रांगेवर अवलंबून. तोवर पर्यटक व्हिसा मागावा, तर स्थलांतराचा अर्ज आधीच दाखल असल्याने ‘ही परतणार नाही’ असा संशय अधिकाऱ्यास येणारच.

हाच विवाह पतीला नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी झाला असता, तर पत्नीला त्याच्याच क्रमाने, मागाहूनही, जाता आले असते. पंचांगातील मुहूर्त काटेकोरपणे पाहणाऱ्या घरांनी निदान ही एक तारीख वरपक्षास विचारावी.

अर्थात एच-४ हाही सुखाचा मार्ग नव्हे. तळेगावच्या शाळेत शिकवणारी किंवा पुण्यात नोकरी करणारी मुलगी त्या व्हिसावर पतीजवळ पोहोचते, पण तिला कमावता येत नाही. २६ मे २०१५ पासून अंमलात आलेल्या नियमाने यांपैकी काहींना कामाची परवानगी मिळाली. परंतु त्यासाठी सामान्यतः पतीच्या कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज आधी मंजूर व्हावा लागतो. तोवर पदवी पेटीत राहते.

या कोंडीवर तोडगा नाही, असेही नाही. २००० साली अमेरिकी काँग्रेसने ‘व्ही’ नावाचा व्हिसा निर्माण केला. कायम रहिवाशाच्या ज्या पत्नीला अर्ज करून तीन वर्षे लोटली होती, तिला पतीजवळ राहून, कामही करीत, उरलेली प्रतीक्षा करण्याची मुभा त्याने दिली. मात्र २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेल्या अर्जांपुरतीच ही सवलत होती. त्या तारखेची मुदत वाढविण्यास नवा कायदाही नको, जुन्याच कायद्यातील एका दिनांकाची दुरुस्ती पुरे. एच-१बीच्या वाढीव शुल्काविरुद्ध भारत सरकार २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेले. या दुरुस्तीसाठी वॉशिंग्टनमध्ये शब्द टाकण्यास तेवढेही लांब जावे लागणार नाही.